लेझर स्कॅनरचे ते 2 मिमी खरे किती?

लेझर किरणाने इमारतीचं माप घेणाऱ्या स्कॅनरच्या ब्रोशरवर "अचूकता 2 मिमी" छापलेलं असतं ना, ते एका जागी उभ्या केलेल्या स्कॅनरपुरतं असतं, अख्ख्या वास्तूचं नाही. मोठ्या जुन्या इमारतीला साठ-सत्तर जागांवरून स्कॅन घ्यावे लागतात आणि ते एकमेकांना जोडताना खरी चूक शिरते.

पण आधी ड्रॉइंग कुठल्या स्केलला हवंय ते ठरवा. कागदावरची 0.2 मिमीची रेघ 1:50 ला प्रत्यक्षात 10 मिमी होते, 1:20 ला 4 मिमी, त्यामुळे साध्या प्लॅनसाठी एकेका मिमीच्या मागे धावू नका.

अजून एक गल्लत म्हणजे पॉइंट (स्कॅनरने मोजलेले ठिपके) दाट असले की काम अचूक असं वाटणं. दाट क्लाउड, म्हणजे या पॉइंटचा ढग, चुकीच्या जागी असला तरी दिसायला भारीच दिसतो! आणि दोन पॉइंटमध्ये 10 मीटरवर 6 मिमी अंतर ठेवलंत तर 40 मीटरवर तेच 24 मिमी होतं, वरची नक्षी गेलीच समजा.

आता जोडणी. नुसतं क्लाउडला क्लाउड जुळवत लांब कॉरिडॉर किंवा जिना केलात तर चूक थोडीथोडी साचत जाते, मी एकदा असंच केलं होतं, सॉफ्टवेअर प्रत्येक जोडीला 2 मिमी एरर दाखवत होतं म्हणून मी खुश, आणि दुसऱ्या टोकाला भिंत 3 सेंमी सरकलेली. म्हणून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) वास्तूभोवती बंद ट्रॅव्हर्स घ्या, म्हणजे मोजत मोजत फिरून पहिल्याच बिंदूला परत या, त्यावरून टार्गेट (भिंतींवर लावलेल्या खुणा) मोजा, आणि त्यातले आठ-दहा टार्गेट जोडणीत अजिबात न वापरता बाजूला ठेवा. शेवटी क्लाउडमधली त्यांची जागा टोटल स्टेशनच्या आकड्यांशी ताडून बघा. जो फरक येईल ती तुमची अचूकता, रिपोर्टमध्ये तीच लिहायची, ब्रोशरवाली नाही.

संगमरवरावर जरा जपून, किरण थोडा आत शिरून परत येतो त्यामुळे पृष्ठभाग किंचित मागे सरकलेला मोजला जातो आणि नॉइजही (मापातला विस्कळीतपणा) वाढतो. ओल्या, काळ्या, चकचकीत भागांचाही भरवसा नाही. फार तिरपा किरण पडत असेल तर स्कॅनरची जागा बदला. कडांवर किरणाचा ठिपका अर्धा पुढे अर्धा मागे पडला की हवेत लटकणारे पॉइंट येतात, ते साफ करा.

हातात धरून फिरायचे स्लॅम स्कॅनर (चालता चालता स्वतःची जागा ओळखत मोजणारे) भराभर काम करतात पण साधारण 1 ते 3 सेंमी धरूनच चाला. प्लॅनला ठीक, भिंतीचा फुगवटा वर्षानुवर्षं तपासायचा असेल तर नाही, तिथे स्टँडवरचा स्कॅनर आणि न हलणारे कायमचे कंट्रोल पॉइंटच (नेमकी जागा मोजून ठेवलेल्या खुणा) लागतात.