युद्धातून परतलेला इन्स्पेक्टर: ऐतिहासिक रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

1919 चं इंग्लंड, स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर आणि त्याच्या डोक्यात अजून चालू असलेलं महायुद्ध. मांडणी जबरदस्त आहे, पण बहुतेक कथा एकाच ठिकाणी फसतात. पहिल्या प्रकरणात दुःस्वप्न, पाचव्यात थरथरणारा हात, आणि मधला सगळा तपास कुठल्याही धडधाकट पोलिसाने केला असता तसाच.

जखम तपासात उतरली पाहिजे. समजा, एक बाई जबाब देतेय. बाहेर दार आपटतं. इन्स्पेक्टर दचकून भिंतीला पाठ लावतो आणि भानावर येईपर्यंत तिने सांगितलेली वेळ त्याने ऐकलेलीच नसते. वहीत तेवढी जागा कोरी. पुन्हा विचारावं तर सोबतच्या सार्जंटला संशय येणार. न विचारावं तर भलताच माणूस अडकणार, आणि त्या काळी खुनाला शिक्षा फाशीचीच. आता ही जखम रहस्याचाच धागा झाली.

कथा मध्यात रेंगाळली, तर त्या प्रकरणातून युद्धाचा उल्लेख काढून बघा. तपासात काहीच बदललं नाही, तर प्रकरण नव्याने लिहा.

दुसरी चूक म्हणजे आजची सहानुभूती तेव्हाच्या वरिष्ठांच्या तोंडी घालणं. भ्याडपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या 306 जणांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या होत्या, आणि त्यांना माफी मिळाली थेट 2006 मध्ये. अशा वातावरणातला माणूस 'शेल शॉक', म्हणजे युद्धाने मनावर झालेला आघात, लपवणारच. त्याला मोकळेपणाने रडायला लावू नका.

साधनांचं भान ठेवा. बोटांचे ठसे चालतील, यार्डात त्याचा विभाग 1901 पासून होता. पण हातमोजे, चिमटे, पुराव्याच्या पिशव्या असलेली तपासाची खास बॅग 1924 नंतरची, आणि लंडन पोलिसांची प्रयोगशाळा 1935 ची. शिवाय यार्डचा माणूस परगण्यातल्या गावात आपणहून धडकत नसे; तिथल्या पोलीसप्रमुखाने बोलवावं लागे. स्थानिक पोलिसांची नाराजी इथूनच आणा, फार उपयोगी पडते.

आणि खुनी म्हणून दरवेळी माजी सैनिकच उभा करू नका. तो वाचकाला तिसऱ्या पानावर कळतो. युद्ध गावातल्या प्रत्येक घरात शिरलं होतं. मुलगा गमावलेली आई, भरती टाळलेला शेजारी, युद्धात पैसा केलेला व्यापारी, यांच्यातली जुनी खुन्नस तपासून बघा. खुनाचं कारण तिथे जास्त पटेल.