परदेशी आवृत्तीसाठी पत्र धाडण्यापूर्वी

सोलापुरात बसून परदेशातील प्रकाशकाला पुस्तक देऊ करायचे ठरवले, तर पहिले पत्र लिहिण्याआधी कपाटातला जुना करारनामा बाहेर काढावा, कारण अनुवादाचे हक्क नेमके कोणाकडे आहेत, हा प्रश्न पलीकडून लगेच विचारला जातो. मराठी प्रकाशकाशी झालेल्या करारात अनुवादाचा उल्लेख आहे का, मुदत आणि प्रदेश लिहिलेले आहेत का, हे शब्दशः वाचावे. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 19 नुसार हस्तांतरणात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. तरीही केवळ कलमावर विसंबू नये. परदेशी भाषांचे हक्क लेखकाकडे आहेत, असे प्रकाशकाकडून एका पानावर सहीनिशी लिहून घ्यावे. जुनी छायाचित्रे ज्यांच्या घरातून मिळाली, त्यांचीही संमती सर्व भाषांतील आवृत्त्यांसाठी आणि ई-पुस्तकासाठी नव्याने घ्यावी.

त्यानंतर एका पानाचा सारांश, लेखकाचा त्रोटक परिचय आणि पंधरा-वीस पानांचा इंग्रजी नमुना तयार ठेवावा. नमुन्यावर खर्च करण्यास कचरू नये. सोलापूरच्या पूर्वभागातील विणकरांवरच्या माझ्या पुस्तकाचा पहिला नमुना बाहेरगावच्या अनुवादकाने केला, तेव्हा ‘घरात दोन माग होते’ या वाक्यातले माग पावलांच्या खुणा झाले आणि ‘आम्ही गड्ड्याला गेलो’ येथे सिद्धेश्वराच्या जत्रेऐवजी सारे कुटुंब खड्ड्यात उतरले. माग, बीम, गड्डा, कडक भाकरी अशा शब्दांची अर्थासह यादी अनुवादकाला आधीच दिली असती, तर ती पाने पुन्हा करून घ्यावी लागली नसती.

फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा ऑक्टोबरात आणि लंडनचा सहसा मार्चमध्ये भरतो; तेथील भेटी बऱ्याच आधी ठरत असल्याने पत्रे त्यापूर्वी काही महिने जावीत. अनुवादाचा खर्च ही प्रकाशकाची खरी अडचण असते, म्हणून राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या अर्थसाहाय्य योजनेचा उल्लेख पत्रातच करावा. तेथे अर्ज मात्र परदेशी प्रकाशकाने करावयाचा असतो.

करारात प्रत्येक भाषा स्वतंत्र धरावी. इंग्रजीचे हक्क देताना भारत वगळता येतो का, हे विचारावे, कारण येथील विक्री येथील प्रकाशकाकडे राहणेच मला बरे वाटते. स्वामित्वधन (रॉयल्टी) छापील किमतीवर की प्रकाशकाच्या प्रत्यक्ष प्राप्तीवर, आगाऊ रक्कम त्यातून कशी वळती होणार, हिशेब वर्षातून किती वेळा येणार आणि ठरल्या मुदतीत पुस्तक न निघाल्यास हक्क आपोआप परत येतील का, एवढे मुद्दे तरी लिखित हवेत.

पैशांची कागदपत्रे शेवटासाठी ठेवू नयेत. अमेरिकेतून येणाऱ्या स्वामित्वधनावर एरवी 30 टक्के कर कापला जातो. डब्ल्यू-8बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर-अर्ज नीट भरून दिल्यास दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे तो 15 टक्क्यांवर येतो. इतर देशांचे प्रकाशक भारतातील कर-रहिवासी असल्याचा दाखला मागू शकतात. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी करारात पॅनकार्डावरचे नाव घालावे आणि टोपणनाव मुखपृष्ठापुरते नमूद करावे. आपल्या बँकशाखेला स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठी लागणारा बँकेचा सांकेतिक क्रमांक) नसेल, तर मुख्य शाखेचा कोणता द्यायचा, हे बँकेकडून लेखी मागून घ्यावे.