दिवाडी-चोडण बेटांवरच्या रुग्णांचे मलेरिया नमुने: जनुकीय तपासणीसाठी

गोव्यात व्हायवॅक्स (मलेरियाच्या परजीवीची एक जात) जास्त, म्हणून तपासणीही त्याच्याच जनुकांची. लेखी संमती घ्या आणि रक्त औषधाच्या पहिल्या मात्रेआधीच घ्या. नंतर परजीवी झपाट्याने घटतात.

बोट टोचून पहिला थेंब पुसा. पुढचे थेंब, प्रत्येकी सुमारे ५० मायक्रोलिटर, फिल्टर पेपरवर एकेका वर्तुळात सोडा. एकावर एक थेंब नको, डाग आतून ओला राहतो. सावलीत, पंख्याखाली किमान चार तास वाळवा. पावसाळ्यात मांडवीकाठच्या दमट हवेत रात्रभर. नीट वाळलेला डाग गडद तपकिरी दिसतो. अर्धवट ओला पेपर पिशवीत घातलात तर बुरशी येते, डीएनए तुटतो. प्रत्येक पेपर वेगळ्या झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. दाणे रंग बदलले की पुडी बदला.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) एमएसपी-३ अल्फा या व्हायवॅक्सच्या जनुकाच्या पट्ट्या जेलवर साधारण १.९, १.५ किंवा १.१ किलोबेसला (डीएनएच्या लांबीचे माप) येतात. दोन पट्ट्या म्हणजे बहुधा मिश्र संसर्ग, एकाच रुग्णात परजीवीचे दोन वाण; पण पाण्याच्या कंट्रोलमध्येही (नमुन्याऐवजी नुसते पाणी घातलेली नळी) पट्टी असेल तर तो दूषितपणा, सगळी फेरी पुन्हा करा.

मागच्या महिन्यांतला प्रवास नक्की विचारा. फेरीबोटीने रोज माणसे येतात-जातात, आणि व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उलटतो. बेटावर सापडलेला वाण बेटावरचाच असेल असे नाही.