परकी ॲक्सेंट ऐकावा कसा

नटांना ॲक्सेंट शिकवणं हे माझं काम. त्याआधी अकरा वर्षं डबिंगच्या खोलीत काढली, दुसऱ्यांच्या ओठांवर आपला आवाज बसवत. भेटेल तो विचारतो, "अमक्याला ॲक्सेंट जमलाय का हो?" याचं हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही, कारण ते शोधायला कुणालाही शिकता येतं. त्यासाठी भाषाशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. सवडीची संध्याकाळ आणि एक कागद पुरतो.

पात्र भरपूर बोलतं असा दोन-तीन मिनिटांचा प्रसंग निवडा. पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून ऐका. चुका शोधायच्या नाहीत. तो काय सांगतोय तिकडे लक्ष द्या, आणि कुठल्या शब्दाला तुमचं लक्ष सांगण्यावरून उडून तोंडाच्या हालचालीवर गेलं तेवढं टिपून ठेवा. या जागा आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहेत.

आता हा माणूस कोण ते ठरवा. 'ब्रिटिश ॲक्सेंट', 'फ्रेंच ॲक्सेंट' ही नावं फार ढोबळ आहेत. इंग्रजी 'धिस' मधला पहिला आवाज जीभ दातांत धरून काढायचा असतो आणि फ्रेंच माणसाला तो अवघड जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फ्रान्समधला माणूस तिथे बहुधा 'झिस' म्हणतो आणि कॅनडातल्या क्वेबेकचा माणूस बहुधा 'दिस'. पात्र क्वेबेकचं असेल आणि नट सरसकट 'झ' लावत असेल, तर घरचा अभ्यास कच्चा आहे. गावाइतकंच महत्त्व वयाला. भाषा कितव्या वर्षी कानावर पडली? पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर १९३८ साली जर्मनीतून अमेरिकेत आले तेव्हा पंधरा वर्षांचे होते, आणि जर्मन वळण त्यांच्या इंग्रजीत मरेपर्यंत राहिलं. त्यांचा धाकटा भाऊ वॉल्टर एका वर्षानेच लहान. तो मात्र अमेरिकन माणसासारखा बोलायचा. घर एक, प्रवास एक, आणि आवाज दोन! त्यामुळे नवी भूमिका आली की मी नटाला आधी पात्राचं वय विचारते: देश सोडला तेव्हाचं आणि आजचं. त्यानंतर सोबत कुणाची होती, हेही विचारते. प्रेक्षक म्हणून तुम्हीही विचारा. आठव्या वर्षी आलेल्या मुलीच्या तोंडी जाडजूड परकी उच्चार घातले असतील, तर ते कितीही सफाईने केलेले असोत, माणूस खोटाच वाटणार.

यानंतर हेल. माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो, आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळून थेट एकेका अक्षराची चिकित्सा करायला बसतात. वाक्य ऐकून झालं की थांबवा आणि ओठ मिटून ते गुणगुणा. शब्द गळून पडतील, चाल तेवढी राहील. आपण 'फोटोग्राफी' म्हणतो तेव्हा प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रज 'फटॉग्रफी' म्हणतो. दुसऱ्या अक्षरावर सगळा जोर, आणि शेजारची अक्षरं चिरडलेली. फ्रेंच भाषेत जोर शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो, पोलिशमध्ये शेवटून दुसऱ्यावर. माणूस दुसरी भाषा शिकतो तेव्हा शब्द नवे घेतो, पण चाल घरचीच राहते. नटाने ही घरची चाल पकडली असेल, तर एखादं व्यंजन घसरलं तरी कान माफ करतो. व्यंजनं अचूक आणि चाल नटाची स्वतःची असेल, तर मात्र ऐकणाऱ्याला काहीतरी खुपत राहतं आणि काय खुपतंय ते सांगता येत नाही.

मेरिल स्ट्रीप यांनी १९८२च्या 'सोफीज चॉइस'मध्ये अमेरिकेत आलेली पोलिश स्त्री केली. त्यासाठी त्या पोलिश आणि जर्मन शिकल्या, आणि त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. मी हा चित्रपट विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवते. तिचे उच्चार चांगले आहेतच, पण मी त्यांना ऐकवते ती तिची शब्दाची शोधाशोध. ती अडते, जवळचा पण चुकीचा शब्द उचलते, पुढे जाते. ज्या भाषेत बोलायचं तिच्यात आपण पाहुणे आहोत, हे तिथे ऐकू येतं.

अडणं म्हटलं की आणखी एक बारीक जागा सांगते. विचार करताना माणूस जो आवाज काढतो तो ऐका. आपण 'अं' म्हणतो. इंग्रज 'अम' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'ए' लांबवतो, फ्रेंच माणूस ओठ गोल करून 'अ' आणि 'ओ' यांच्यामधलं काहीतरी म्हणतो. जीभ आणि ओठ विसाव्याला जिथे असतात तिथून हा आवाज निघतो, म्हणून त्यात सोंग टिकवणं फार कठीण. संवादाच्या कागदावर तो बहुधा लिहिलेलाही नसतो.

आता एकेका आवाजाकडे या. अमेरिकन नट दक्षिण इंग्लंडचा माणूस करतो तेव्हा 'ग्रास', 'बाथ', 'डान्स' यांत लांब 'आ' हवा, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकतो. मग उत्साहाच्या भरात 'गॅस'चाही 'गास' करतो, आणि तसं तिथे कुणी बोलतच नाही. कुठल्या शब्दात 'आ' आणि कुठल्यात 'ॲ' याला सरळ नियम नाही. शब्द पाठच करावे लागतात. उलट बाजूने, इंग्रज नटाला अमेरिकन बोलताना लिहिलेला प्रत्येक 'र' उच्चारायचा असतो, आणि एकदा तो सुटला की नसलेल्या जागीही उगवतो. शिकलेला नियम नको तिथे लागू झालेला दिसला, तर ती जागा कागदावर टिपा. मात्र परकी माणूस म्हणजे प्रत्येक वेळी तीच चूक, असंही समजू नका. खरा माणूस सावध असताना तोच आवाज नीट काढतो आणि दमल्यावर चुकतो. प्रत्येक 'व' एकसारखा, छापातून काढल्यासारखा आला, तर मला शंका येते.

खरी परीक्षा प्रसंग तापतो तिथे. हे मी माझ्याच चुकीतून शिकले. एका नटाला जर्मन वळणाचं इंग्रजी हवं होतं. जर्मन माणूस शब्दाच्या शेवटचा घोष आवाज, म्हणजे गळा थरथरवून काढलेला, अघोष म्हणजे बिनथरथरीचा करतो, 'डॉग'चा 'डॉक' होतो. सहा आठवडे आम्ही रोज खुर्चीत बसून घोटलं, आणि त्याने उत्तम उचललं. चित्रीकरणाच्या दिवशी भांडणाचा प्रसंग होता. तो ओरडला आणि सहा आठवड्यांचं सगळं एका श्वासात गेलं. दोष त्याचा नव्हता. मी त्याला रागावून बोलायचा सराव कधी दिलाच नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे संवाद जिना चढताना म्हटले जातात, कपड्यांच्या घड्या घालताना, कुजबुजत, रडत. प्रेक्षकाने याच जागा शोधाव्यात: ओरडणं, कुजबुज, हसता हसता बोललेलं वाक्य, आणि पात्राने घेतलेलं स्वतःचं नाव. आपलं नाव माणूस कुठल्याही भाषेत बोलत असला तरी बहुधा घरच्या उच्चारानेच घेतो. ते परक्यासारखं आलं, तर मी बाकीचं जरा संशयाने ऐकते.

मध्येच आवाजाचा पोत बदलला, खोली एकदम कोरडी वाटली आणि उच्चारही बदलला, तर ते वाक्य बहुधा नंतर स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित झालेलं असतं. अशी वाक्यं वेगळी काढा. त्यांवरून नटाला जोखणं अन्यायाचं होईल.

काही वेळा ॲक्सेंट नसणंच बरोबर असतं. पात्रं आपसात स्वतःच्या भाषेत बोलताहेत आणि आपल्याला ती इंग्रजीत ऐकवली जाताहेत, तर परकी हेल कशासाठी? २०१९च्या 'चेर्नोबिल' मालिकेत सोव्हिएत पात्रं मुख्यतः ब्रिटिश उच्चारांत बोलतात. ॲक्सेंट दिला की नट भूमिका सोडून ॲक्सेंटच करू लागतात, असं कारण तिचे निर्माते क्रेग मेझिन यांनी सांगितलं होतं. मला तो निर्णय फार आवडतो.

आणि आपल्या कानाचीही झडती घ्या. ज्या भाषेची माणसं आपण प्रत्यक्ष ऐकलेली नाहीत, तिचा ॲक्सेंट आपण आधीच्या चित्रपटांशीच ताडून पाहतो. हिंदी पडद्यावरचा गोरा साहेब 'टुम' म्हणतो त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे: इंग्रजांची जीभ 'त'साठी दातांना न लागता वरच्या हिरडीला लागते, आणि तो आवाज आपल्याला 'ट'जवळचा वाटतो. पुढे त्याचा साचा झाला. टॉम ऑल्टर मसुरीत जन्मलेले, त्यांचं उर्दू अतिशय स्वच्छ, तरी मोडकंतोडकं बोलणारा साहेब त्यांच्या वाट्याला वारंवार आला. १९७७च्या 'शतरंज के खिलाडी'तला त्यांचा कॅप्टन वेस्टन ऐका, उर्दू उत्तम जाणणारा इंग्रज. साचा किती अपुरा होता ते कळेल. उलट दिशेने 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू जवळपास तीस वर्षं भारतीय माणसाच्या आवाजाचा साचा होऊन बसला. आक्षेपांनंतर त्याला आवाज देणारे अमेरिकन नट हँक अझारिया यांनी २०२०मध्ये ती भूमिका सोडली.

म्हणून निकाल देण्याआधी खरी माणसं ऐका. १९९८ साली पॉल मायर यांनी सुरू केलेल्या 'इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश आर्काइव्ह'मध्ये जगभरच्या लोकांची इंग्रजी ध्वनिमुद्रणं आहेत, आणि बोलणाऱ्याचं वय, गाव अशी माहितीही सोबत असते. आपल्या पात्राच्या वयाची आणि त्याच्या भागातली दोन-तीन माणसं निवडा. त्यांनी वाचलेला ठरावीक उतारा सोडून ते स्वतःबद्दल मोकळेपणी बोलतात तो भाग ऐका, आणि तोही एकदा ओठ मिटून गुणगुणा. मग कागदावरच्या जागा समोर ठेवून तोच प्रसंग परत लावा. या वेळी पडद्याकडे तोंड करून बसा, आणि नट बोलायचा थांबतो तेव्हा त्याचा जबडा आणि ओठ कुठे विसावतात ते पाहा.