बाहेरून फंडिंग येतंय? सही करायच्या आधी पैसा नक्की कोणाचा ते बघा

एक ओळखीचा पोरगा टर्म शीट (डीलच्या अटींचा कच्चा कागद) घेऊन आला, पुण्यात ड्रोनचे पार्ट बनवतो, एकदम खूश, सिंगापूरचा फंड पैसे घालतोय म्हणे. मी म्हणलं फंड सिंगापूरचा ठीक ए, पण फंडात पैसे कोणाचे? तर गप्प.

सगळ्यात आधी इन्व्हेस्टरकडून मालकीचा चार्ट लेखी मागा, कंपनीवर कंपनी असं नको, शेवटी खराखुरा माणूस निघेपर्यंत, आणि तो राहतो कुठे नि पासपोर्ट कुठला हे दोन्ही. कारण १७ एप्रिल २०२० ची प्रेस नोट ३, म्हणजे परदेशी गुंतवणुकीवरचा केंद्राचा नियम. कोविडमध्ये आपल्या कंपन्या कोणी स्वस्तात गिळू नये म्हणून काढलेली, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ वगैरे ज्यांची जमिनीची हद्द आपल्याला लागते तिथला पैसा असेल, अगदी सिंगापूर-मॉरिशसमार्गे आला तरी, तर दिल्लीची परवानगी हवी, असं त्यात होतं. यात बदल होत राहतात, त्यामुळे सही करायच्या दिवशी डीपीआयआयटीच्या (केंद्राचा उद्योग विभाग, ह्या नोटा तोच काढतो) साइटवर ताजी नोट बघाच, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको.

मग सेक्टर. डिफेन्समध्ये नवीन लायसन्सवाल्या कंपनीत ७४ टक्क्यांपर्यंत परदेशी पैसा ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे आधी मंजुरी न घेता, त्याच्या वर सरकारी मंजुरी, आणि ऑटोमॅटिक म्हणलं तरी गृहखात्याचा सिक्युरिटी क्लिअरन्स लागतोच, हे लोक हमखास विसरतात. डिजिटल बातम्यांना २६ टक्के, तेही मंजुरी घेऊनच.

आणि प्लीज, राज्य सरकारसोबत एमओयू (सामंजस्य करार) झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तळेगावचं आठवा. जनरल मोटर्सचा प्लांट चीनची ग्रेट वॉल कंपनी घेणार होती, जानेवारी २०२० ला डील, जूनमध्ये महाराष्ट्र सरकारसोबत ३,७७० कोटींचा करार, फोटोबिटो सगळं, आणि दिल्लीची मंजुरी आलीच नाही, २०२२ मध्ये डील मोडली. पुढे तो प्लांट ह्युंदाईने घेतला. राज्य जागा देईल, वीज देईल, सवलत देईल, पण पैसा आत घ्यायचा की नाही ते केंद्रच ठरवतं. मल्टीब्रँड रिटेलमध्ये (अनेक ब्रँडचा माल विकणारी दुकानं) मात्र वेगळं, तिथे दुकान उघडायला राज्याचीही संमती लागते.

मंजुरी लागत असेल तर अर्ज ऑनलाइनच, तिथून तो संबंधित मंत्रालयाकडे जातो. एफआयपीबी, म्हणजे आधी ह्या मंजुऱ्या बघणारं केंद्राचं बोर्ड, २०१७ लाच बंद झालंय, कोणी "तिथे ओळख आहे" म्हणलं तर चहा पाजून वाटेला लावा.

मंजुरीआधी पैसे खात्यात घेऊ नका हो. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नायतर परत करा, आणि दिले की ३० दिवसांत एफसी-जीपीआर (रिझर्व्ह बँकेला शेअर दिल्याचं कळवायचा फॉर्म) भरायचा. फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, चुकलात तर दंड रकमेच्या तिप्पट जाऊ शकतो.

त्या पोराचा चार्ट अठरा दिवसांनी आला. चौथ्या पायरीला शांघायचा पत्ता. आता अर्ज टाकलाय, आणि तोवर मशीनचा ॲडव्हान्स घरच्या एफडीवर कर्ज काढून भरतोय.