गाडी ‘फोर बाय फोर’ आहे म्हणून केल्या जाणाऱ्या या चुका टाळा

पहिला दमदार पाऊस झाला की मला फोन यायला लागतात. कुणी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत अडकलेलं असतं, कुणी कुहीकडच्या पांदणीत. आणि वाक्य ठरलेलं असतं: ‘भाऊ, गाडी तं फोर बाय फोर हाय ना, मंग काऊन फसली?’ मी विचारतो, कोणती फोर बाय फोर? तिथेच बोलणं अडतं. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना; ऑल व्हील ड्राइव्ह हा त्याचाच एक प्रकार. एवढे लाख मोजून घेतलेल्या गाडीच्या पोटाखाली काय आहे हे मालकालाच माहीत नसतं, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातूनच निघतात.

मोडचं बटण पाहून चारही चाकं गृहीत धरणं

क्रेटाच्या ऑटोमॅटिक व्हेरियंटमध्ये स्नो, मड, सँड असे ट्रॅक्शन मोड मिळतात. डिझेल हॅरियरमध्ये नॉर्मल, रफ आणि वेट असतात. मोड बदलला की स्क्रीनवर झकास चित्र येतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण या दोन्ही गाड्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात. मोडमुळे अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलतो, गिअर कधी पडायचा ते बदलतं, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे ताकद वळवली जाते. ओल्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतोच. मागच्या चाकांना मात्र तो काहीही देऊ शकत नाही, कारण तिथपर्यंत ताकद नेणारा शाफ्टच नाही. चारही चाकांची हॅरियर हवी असेल तर 2025 मध्ये आलेली इलेक्ट्रिक हॅरियर आहे, आणि तीसुद्धा दोन मोटरवालीच घ्यावी लागते.

मॉडेलचं नाव ऐकून व्हेरियंट न विचारणं

‘ग्रँड व्हिटारा घेतली, तिच्यात ऑल व्हील ड्राइव्ह येते’ हे अर्धं वाक्य झालं. 2022 मध्ये ही गाडी आली तेव्हा ऑल व्हील ड्राइव्ह फक्त अल्फा व्हेरियंटला होती, तीही मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत. 2025 मध्ये ती ऑटोमॅटिकसोबत आली. चांगलं मायलेज देणारी, पेट्रोल इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणारी स्ट्राँग हायब्रिड मात्र पुढच्या चाकांचीच. टोयोटाच्या हायरायडरचंही हेच गणित, कारण दोन्ही गाड्यांचा सांगाडा एक आहे. मायलेज पाहून हायब्रिड घ्यायची आणि पावसाळ्यात चारही चाकांची अपेक्षा करायची, हे जमत नाही.

थारचंही तसंच. जानेवारी 2023 पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि बाहेरून पटकन फरक कळत नाही. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच. स्कॉर्पिओ-एनमध्येही डिझेलच. याउलट जिम्नीच्या प्रत्येक व्हेरियंटमध्ये लो गिअरसकट (वेग कमी, ताकद जास्त) फोर बाय फोर आहे. तिथे वरच्या मॉडेलसाठी पैसे मोजले तरी चिखलात जास्त काही मिळत नाही.

जुनी गाडी घेताना तर ही चूक फार महाग पडते. मानेवाड्याच्या एका ओळखीच्या काकांना उमरेडजवळच्या शेतावर जायला गाडी हवी होती. त्यांनी जुनी डिझेल डस्टर घेतली. मागच्या दारावर ऑल व्हील ड्राइव्हची चकचकीत अक्षरं, आणि विकणारा छातीठोक सांगत होता की टॉप मॉडेल आहे. जूनच्या शेवटी पहिल्याच फेरीत बांधाजवळ गाडी अडकली. टोचन घेऊन गेलो तेव्हा पुढची चाकं भिरभिर फिरत होती, मागची दगडासारखी थंड. आत पाहिलं, तर टू व्हील, ऑटो आणि लॉक अशा तीन खुणांची गोल कळच नव्हती. गाडी बाहेर ओढून मी मागून खाली डोकावलो. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा साधा आडवा बीम होता. शाफ्ट नाही, डिफरन्शियल (ताकद वाटून दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) नाही, काही नाही. अक्षरं कुणीतरी नंतर चिकटवली होती. भारतात ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर 2014 मध्ये आली, ती फक्त 110 पीएसच्या डिझेल इंजिनात आणि सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. तिचं मागचं सस्पेन्शनही वेगळं, प्रत्येक चाकाचं स्वतंत्र. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ती अक्षरं फसवू शकत नाहीत.

डस्टर किंवा ग्रँड व्हिटारासारखी गाडी कुणाचीही असो, मी जुनी चादर अंथरतो, मागच्या बंपरखाली पाठ टेकतो आणि मोबाइलचा टॉर्च मारतो. समोरून मागे येणारा लांब शाफ्ट दिसला पाहिजे, त्याच्या टोकाला डिफरन्शियलचा गोळा, आणि त्यातून दोन्ही चाकांकडे जाणारे दोन दांडे. एवढं दिसेपर्यंत मी किमतीची गोष्ट काढत नाही. कपडे खराब होतील म्हणून जे खाली वाकत नाहीत त्यांनी जुनी गाडी घेण्याच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरड्या रस्त्यावर 4एच लावून पळवणं

4एच म्हणजे चारही चाकं लावून नेहमीच्या वेगाने चालायचं गिअर. ही चूक पाहिली की माझा जीव तुटतो, कारण करणारा माणूस सुरक्षिततेसाठीच करत असतो.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने नवी थार घेतली आणि समृद्धी महामार्गावर निघाला. चारही चाकं लागली की गाडी रस्ता जास्त धरते असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून वर्धा पार होईपर्यंत गाडी 4एचमध्येच. वाटेत पेट्रोल पंपावर वळवताना स्टिअरिंग जड झालं, टायर चिर्र चिर्र करायला लागले, गाडी अडखळत पुढे सरकू लागली. घाबरून त्याने 4एचचा दांडा ओढला तर तो जागचा हलेना. मला फोन: ‘दादा, गिअरबॉक्स गेला वाटते, गाडी आवाज करून राहिली.’

गिअरबॉक्स ठीक होता. थार आणि जिम्नीतली फोर बाय फोर गरजेपुरती लावायची असते. 4एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, मधे डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो. कोरड्या काँक्रीटवर टायर घसरत नाही, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो, पिळलेल्या ओल्या धोतरासारखा. त्या ताणानेच दांडा अडकतो.

मी त्याला फोनवरच सांगितलं: चाकं सरळ कर, रिव्हर्स टाक, थोडं मागे घे आणि मग दांडा ओढ. दांडा निघाला. अशा वेळी जोर लावून दांडा ओढणारे, त्यावर लाथ मारणारेही मी पाहिले आहेत. त्याने तुटतं, सुटत नाही. आणि कोरड्या रस्त्यावर 4एचने सुरक्षितता वाढत नाही, उलट वळणावर गाडी आपलं ऐकत नाही.

ग्रँड व्हिटारा किंवा डस्टरसारख्या गाड्यांचं काम वेगळं आहे. त्यांच्यात मागच्या डिफरन्शियलपुढे विजेवर चालणारा क्लच असतो. एरवी गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते, पुढचं चाक घसरलं की क्लच आवळतो आणि ताकद मागे जाते. म्हणून ऑटो मोड कुठल्याही रस्त्यावर चालतो. लॉक (क्लच सतत आवळलेला) मात्र चिखलापुरतं आणि हळू वेगासाठीच.

काळ्या मातीत अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणं

आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये गच्च बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय! तरी माणूस इंजिन रडवत राहतो. चाकं आणखी खोल जातात, गाडीचं पोट मातीवर टेकतं. ऑटो मोडवाल्या गाडीत तो मागचा क्लच तापतो, डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी स्वतःला वाचवायला पुन्हा दोन चाकांवर येते. त्या वेळी ती थंड होऊ देण्याशिवाय इलाज नसतो. घाई करणाऱ्याला हेच पटत नाही.

लॉक किंवा 4एल (चारही चाकं लो गिअरमध्ये) चिखलात शिरण्याआधी लावा, अडकल्यावर नाही. 4एल टाकताना गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्या. टायरची हवा कमी करा. मी 33 पीएसआयवरून 20-22 पर्यंत आणतो आणि डांबरी रस्त्यावर आलो की सोबतच्या छोट्या पंपाने परत भरतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू नये म्हणून आपोआप काम करणारी यंत्रणा) चिखलात ताकद कापत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय काढा, उतरा, फावड्याने टायरपुढची माती ओढा. डिकीत फावडं आणि गोणपाट नसेल तर पांदणीत गाडी घालू नका. तुऱ्हाटीही कामाला येते.

आणखी काही

चारही चाकं गाडी हलवायला मदत करतात, थांबवायला नाही. चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना ब्रेक आणि टायर तेवढेच असतात, जेवढे शेजारच्या साध्या गाडीला.

पाण्यात फोर बाय फोर इंजिनाला वाचवत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तशा पाण्यात हवेच्या नळीतून इंजिनात पाणी गेलं की कोणताही ड्राइव्ह मोड उपयोगाचा नाही.

टायर बदलताना चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले ठेवा. दोन नवे, दोन गुळगुळीत असले की त्यांचा घेर वेगळा होतो आणि ऑल व्हील ड्राइव्हच्या क्लचला विनाकारण काम पडतं.

आणि गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर ठेवून ऑल व्हील ड्राइव्ह ओढू देऊ नका. मागची चाकं शाफ्ट फिरवत राहतात आणि क्लच जळू शकतो. बुटीबोरीहून एक गाडी अशीच ओढत आणलेली मी गॅरेजमध्ये पाहिली: बंद पडली होती बॅटरीमुळे, दुरुस्ती निघाली त्या मागच्या क्लचची. टोईंगवाल्याला फोन केला की आधी एवढंच सांगा, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच (चारही चाकं वर घेऊन नेणारा ट्रक) पाठवा. तो ‘चालते ना भाऊ’ म्हणाला तरी दुसऱ्याला फोन लावा.