मॉनिटरच्या उजेडावर एक्स्पोजर ठरवू नका

लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक शूट करताना दुपारच्या उन्हात फील्ड मॉनिटरचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या बाहेरच्या स्क्रीनचा, ब्राइटनेस आपण पूर्ण वाढवतो. त्याशिवाय काही दिसतच नाही, म्हणून वाढवायलाच हवा. पण मग चित्र आहे त्यापेक्षा उजळ दिसतं, हात आपोआप आयरिसकडे (लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जातो, आपण ती बंद करत जातो आणि फुटेज अंधारं येतं. संध्याकाळी ब्राइटनेस कमी केला की उलटी चूक होते. म्हणून स्क्रीन फक्त फ्रेमिंग आणि फोकससाठी वापरा. एक्स्पोजर वेव्हफॉर्म (चित्राचा उजेड मोजून दाखवणारा आलेख) किंवा फॉल्स कलरवर (उजेडाची पातळी ठरावीक रंगांत दाखवणारी सोय) ठरवा. ब्राइटनेस बदलला तरी त्यांचं माप बदलत नाही. ढोल-ताशा पथकाचे पांढरे झब्बे हीच खरी परीक्षा: वेव्हफॉर्मची रेघ वर सपाट झाली, की कापडाचा पोत गेला. तो नंतर कलर करेक्शनमध्ये परत येत नाही.

लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट चित्र नोंदवणाऱ्या मोडमध्ये) शूट करत असाल तर मॉनिटरवर लट (LUT, म्हणजे फिकट चित्र नेहमीच्या रंगांत दाखवणारी सेटिंग) लावा, पण वेव्हफॉर्म लटच्या आधीचा सिग्नल मोजतो की नंतरचा, हे घरीच तपासून निघा. मॉनिटरप्रमाणे हे वेगळं असतं.

गर्दीत सगळ्यात आधी मरतो तो कॅमेऱ्याचा मायक्रो एचडीएमआय पोर्ट. पातळ, लवचिक केबल घ्या आणि केजवर (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीवर) केबल घट्ट धरणारा क्लॅम्प लावाच. हा खर्च टाळू नका, पोर्टची दुरुस्ती फार महाग पडते. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय आउटपुटमध्ये चित्रावर दिसणारी माहिती बंद करा, नाहीतर मेन्यूची अक्षरंही वेव्हफॉर्ममध्ये मोजली जातात.